आझाद नगर ते ऑलिंपिक पार्क

साडेसातची मॅच असली की मी मुलुंडहून पावणेसहाची लोकल पकडतो. घाटकोपरला उतरायचं, मेट्रोचा जिना चढायचा, ऑफिस सुटलेल्या माणसांच्या रेट्यात उभं राहायचं आणि डबाभर नजर फिरवायची. साकीनाक्यापर्यंत एखाददुसरा आकाशी टी-शर्ट दिसतो. मरोळला चार पोरं चढतात, त्यातल्या एकाच्या गळ्यात भर उकाड्यातही निळा मफलर असतो. अंधेरीला डबा अर्धा रिकामा होतो आणि उरलेले बहुतेक आपलेच आहेत हे कळतं. घाटकोपर धरून दहावं स्टेशन आझाद नगर. तिथं सगळे एकदम उतरतात. बोरिवली-दहिसरची मंडळी दुसऱ्या मेट्रोनं अंधेरी पश्चिमेला येतात. वीरा देसाई रोडवर दोन्ही लोंढे एक होतात आणि पुढं शहाजी राजे क्रीडासंकुलाचे झगझगीत दिवे दिसू लागतात.

१९८८ साली उभं राहिलेलं हे महापालिकेचं संकुल. २०१६ पासून मुंबई सिटी एफसीचं घर इथं आहे. त्याआधीची दोन वर्षं टीम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची. ते स्टेडियम भव्य आहे, पण तिथं माणूस मैदानापासून लांब बसतो. अंधेरीत तसं नाही. इथं मागच्या रांगेतूनही खेळाडूच्या बुटाला चेंडू लागल्याचा आवाज ऐकू येतो, आणि कॉर्नर घ्यायला आलेला खेळाडू आपली हाक ऐकून मान वळवतो. २०१६ च्या नोव्हेंबरात उरुग्वेच्या दिएगो फोर्लाननं याच गवतावर केरळविरुद्ध तीन गोल मारले, मुंबई ५-० नं जिंकली. विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आपल्यापासून वीस पावलांवर फ्री किकसाठी चेंडू ठेवतोय, हे मुलुंडच्या माणसाला अंधेरीत बघायला मिळालं. त्या दिवसापासून मी या टीमचा झालो.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. मूळचा घाटकोपरचा, पंतनगरचा. वयानं मोठा, म्हणून आम्हा सगळ्यांचा दादा. शहराच्या आग्नेय टोकाला क्रॅनबर्नच्या बाजूला त्याचं घर आहे. आमची साडेसातची मॅच सुरू होते तेव्हा त्याच्याकडे मध्यरात्र उलटून एक वाजलेला असतो. त्याच्या टीमची संध्याकाळची मॅच मी इथं दुपारचं जेवण उरकून दोन वाजता बघतो. त्याची टीम मेलबर्न सिटी. तिचाही टी-शर्ट आकाशी. आणि सहा वर्षं ही दोन्ही एकाच घरातली भावंडं होती.

ते घर म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुप. इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटीच्या मालकांची ही कंपनी जगभरात क्लब विकत घेते. २०१४ च्या जानेवारीत तिनं मेलबर्न हार्ट हा क्लब घेतला आणि त्याचं नाव मेलबर्न सिटी केलं. शर्टही आकाशी करायचा होता, पण सिडनी एफसीनं हरकत घेतली, कारण आकाशी हा त्यांचा रंग होता. मेलबर्नला सुरुवातीला पांढऱ्या शर्टावर भागवावं लागलं, आकाशी मिळायला काही वर्षं गेली. २०१९ च्या नोव्हेंबरात याच कंपनीनं मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मुंबई हा तिचा आठवा क्लब.

दादाशी बोलताना पहिली अडचण आली ती शब्दाची. ‘फुटबॉल’ म्हटलं की मेलबर्नमध्ये माणसाच्या डोळ्यांपुढं वेगळाच खेळ येतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो तिथं सॉकर. सिडनी-ब्रिस्बेनकडे फूटी म्हणजे रग्बी लीग, मेलबर्न-ॲडलेड-पर्थकडे फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. देशाचे असे दोन भाग पाडणाऱ्या काल्पनिक रेषेला तिथं बरासी रेषा म्हणतात. रॉन बरासी या प्रसिद्ध खेळाडूचं नाव तिला १९७८ मध्ये एका इतिहासकारानं दिलं. आपल्याकडे चहा कुठं संपतो आणि फिल्टर कॉफी कुठं सुरू होते हे जसं कोणी आखून दिलेलं नाही पण सगळ्यांना ठाऊक असतं, तशी ही रेषा.

ऑस्ट्रेलियन रूल्स मी दादाच्या नादानं बघायला लागलो आणि आता मनापासून बघतो. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो हातात धरून पळता येतं, पण दर पंधरा मीटरला एकदा जमिनीवर आपटावा लागतो. फेकता येत नाही. एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. ऑफसाइड नाही. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब, आडवी दांडी नाही. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तरी एक गुण मिळतो. नेम चुकला, पण फार चुकला नाही, म्हणून एक. हा नियम मला अतिशय आवडतो. गोलपंच सहा गुणांना दोन पांढरी निशाणं फडकवतो, एका गुणाला एक. शेवटच्या मिनिटाला कधी त्या एकाच निशाणावर सामना फिरतो.

आणि तो झेल! लाथेनं किमान पंधरा मीटर आलेला चेंडू थेट झेलला की खेळ थांबतो आणि झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते. त्यासाठी खेळाडू समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून हवेत चढतात. दहीहंडीत चौथ्या थरावरचं पोर वर हात लांबवतं, तो क्षण आठवावा. फक्त इथं खालच्या थरानं खांदा दिलेला नसतो, तो चढणाऱ्यानं मिळवलेला असतो.

या खेळाचा जन्म मुंबईकराला चटकन कळेल असा आहे. १८५८ च्या जुलैत मेलबर्नमधल्या टॉम विल्स या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: थंडीत क्रिकेट बंद असतं, अंगात आळस भरतो, तर फुटबॉलचा एखादा क्लब काढू या. पुढच्या वर्षी मे महिन्यात नियम लिहून झाले. क्रिकेटच्या रिकाम्या मैदानावर क्रिकेटच्याच माणसांनी सुरू केलेला हा बिगरहंगामाचा खेळ.

आपल्याकडे थंडीच्या जागी पाऊस आहे. मुलुंड पूर्वेच्या संभाजी मैदानावर मे महिन्यात एका वेळी सात-आठ क्रिकेटच्या मॅचेस चालतात, कोणाचा फील्डर कोणाच्या खेळपट्टीवर उभा आहे कळत नाही. जूनमधल्या दोन जोरदार सरी झाल्या की खेळपट्ट्यांवर तळी साचतात आणि बॅटी घरी जातात. मग निघतो फुटबॉल. कांगा लीगवाले सोडले तर पावसात क्रिकेट खेळणारे मुंबईत थोडेच. चपलांचे गोलपोस्ट, गुडघ्यापर्यंत चिखल, पाण्यात अडकून थांबलेल्या चेंडूवर एकदम सहा पोरं तुटून पडलेली. शाळेत असताना आम्हाला फुटबॉल हा पावसाळ्याचाच खेळ वाटायचा, जसा पतंग संक्रांतीचा. युरोपात हिवाळाभर लीग चालतात हे टीव्हीवर बघून कळलं.

फरक इतकाच, की मेलबर्नच्या त्या बिगरहंगामी खेळाचा पुढं वटवृक्ष झाला. आज तिथं अठरा क्लबांची लीग आहे. सप्टेंबरअखेरची ग्रँड फायनल मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखभर लोकांसमोर होते. १९७० मध्ये कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड बघायला १,२१,६९६ माणसं आली होती. तो उच्चांक अजून मोडलेला नाही. एकट्या कॉलिंगवूडचे एक लाखाहून जास्त सभासद आहेत. सभासद म्हणजे वर्गणी भरून कार्ड घेतलेला माणूस. बाप पोराचा जन्मदाखला काढतो त्याच आठवड्यात कार्डही काढतो, असं दादा सांगतो. तिथल्या बऱ्याचशा क्लबांवर कोणा शेठजीची मालकी नाही, क्लब सभासदांचे असतात. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली आहे, कारण पुढं तिच्यापाशीच यायचं आहे.

पण त्याआधी १ डिसेंबर १९५६.

त्या दिवशी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्कवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात ऑलिंपिकची उपांत्यपूर्व लढत झाली. भारत ४-२ नं जिंकला. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. हा मुंबईचा खेळाडू, टाटा स्पोर्ट्स क्लबचा. जन्म गोव्यातल्या आसगावचा. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियानं भारताला ४-१ नं हरवलं, पण त्या सामन्यातलाही भारताचा गोल डिसोझाचाच. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव संयुक्तपणे पहिलं. भारत चौथा आला.

हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अरे, मी दर पंधरवड्याला तिथंच जातो.” खरंच आहे. जुनं ऑलिंपिक पार्क पाडलं गेलं, तिथं आता कॉलिंगवूडचं सरावाचं मैदान आहे, आणि अगदी लगतच्या ॲमी पार्क या स्टेडियमवर मेलबर्न सिटी आपल्या घरच्या मॅचेस खेळते. दादा त्याच्या टीमसाठी ओरडतो ती जागा मुंबईच्या एका सेंटर फॉरवर्डनं ऑस्ट्रेलियाला तीनदा चुकवलं त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या ट्रामनं रोज जाणाऱ्या आपल्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असेल?

यानंतरच्या पन्नास वर्षांत दोन्ही देशांत काय झालं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण दोघांची गोष्ट चमत्कारिकरीत्या सारखी आहे.

ऑस्ट्रेलियात सॉकर जगवलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या स्थलांतरितांनी. ग्रीकांचा साउथ मेलबर्न, क्रोएशियनांचा मेलबर्न नाइट्स, इटालियनांचा सिडनीतला मार्कोनी. रविवारी चर्च, मग मॅच, मग गावाकडचं जेवण. १९७७ पासून या क्लबांची राष्ट्रीय लीग होती. साउथ मेलबर्न तर जानेवारी २००० मध्ये ब्राझीलच्या माराकाना मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी खेळला. त्याचा प्रशिक्षक होता ग्रीक स्थलांतरिताचा मुलगा अँज पोस्टेकोग्लू. याच माणसानं २०२५ मध्ये लंडनच्या टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली. २००४ मध्ये ती लीग बंद केली गेली आणि पुढच्या वर्षी आठ टीमची ए-लीग सुरू झाली. नवे क्लब, नवे रंग. जुने समाजाचे क्लब राज्याच्या लीगमध्ये ढकलले गेले, आणि वर चढायला शिडी ठेवली गेली नाही. ए-लीगमध्ये शेवटचा आलेला खाली जात नाही, खालचा कोणी वर येत नाही.

मुंबईत समाजाच्या जागी होती ऑफिसं. एअर इंडिया, ओएनजीसी, आरसीएफ, रेल्वे, पोलीस, कस्टम्स, बँका. कांदिवलीला कारखाना असलेल्या महिंद्राची टीम तर २००५-०६ मध्ये राष्ट्रीय विजेती होती. त्या काळात पोरगं फुटबॉल चांगलं खेळतं म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न यायचा, “नोकरी लागेल का?” आणि त्याला उत्तर होतं. स्पोर्ट्स कोट्यातून लागायची. सकाळी सराव, अकराला टेबल, महिन्याच्या एक तारखेला पगार, गुडघा गेला तरी पेन्शन. ऑर्लेममधून, वांद्र्याच्या गावठाणातून, घाटकोपरच्या चाळींतून मुलं याच रस्त्यानं कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर पोचली.

२०१० मध्ये महिंद्रानं टीम बंद केली. आशियाई महासंघानं व्यावसायिक क्लबांसाठी परवान्याच्या अटी घातल्या: क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, तिच्या कुमारांच्या टीम हव्यात. कंपनीच्या वेल्फेअर खात्यातून चालणाऱ्या टीम यात कशा बसणार? २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून वगळल्या गेल्या. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी तेवढा उरला. खालिद जमीलनं, जो आज भारताचा प्रशिक्षक आहे, तुटपुंज्या पैशांत ती टीम वर्षानुवर्षं तगवली. २०१७ मध्ये तीही खाली घसरली आणि सीनियर टीम मिटली. तोवर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली होती, पडद्यावरच्या ताऱ्यांसह, झगमगाटासह.

मी आयएसएलचाच चाहता आहे, तिच्याशिवाय फोर्लान मला दिसला नसता. तरी एअर इंडियाच्या टीमबरोबर जे गेलं त्याची जागा अजून कोणी भरलेली नाही, हे मला मॅचच्या रात्रीही विसरता येत नाही. परवान्याच्या अटी चुकीच्या नव्हत्या. चूक ही झाली, की जुना पूल पाडताना नवा बांधून झाला आहे का हे कोणी बघितलं नाही.

मुंबई सिटी आणि मेलबर्न सिटी या भावंडांची वर्षं मात्र सुंदर होती. २०२०-२१ चा हंगाम करोनामुळं पूर्णपणे गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. प्रशिक्षक स्पेनचा सर्जिओ लोबेरा. सिडनी एफसीकडून तात्पुरता आणलेला इंग्लिश स्ट्रायकर ॲडम ली फाँड्र हंगामभर गोल करत राहिला. साखळीत मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे गुण सारखे, ४०-४०. पण आपसातल्या दोन्ही मॅचेस मुंबईनं जिंकल्या होत्या म्हणून शील्ड मुंबईची. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात फायनल, समोर तीच टीम. अठराव्या मिनिटाला मोहन बागानचा डेव्हिड विल्यम्स गोल करून गेला. हा ऑस्ट्रेलियन, एके काळी मेलबर्न सिटीकडूनही खेळलेला. दादाचा मेसेज आला: ‘आमच्याच पोरानं मारला की रे.’ मग त्यांचा बचावपटू तिरी याच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला, आणि नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगनं गोल केला. २-१. मी गॅलरीत जाऊन ओरडलो. सोसायटीत खालून वॉचमन वर बघत होता.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये मेलबर्न सिटीनंही दोन्ही मान मिळवले. साखळीत पहिली, आणि २७ जूनच्या फायनलमध्ये सिडनीवर ३-१. अंधेरी आणि मेलबर्न, दोन्हीकडे एका वर्षात दोन-दोन करंडक.

हे दोन करंडक म्हणजे काय, हे नव्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागतं. युरोपात साखळीत पहिला आला तो विजेता, विषय संपला. ऑस्ट्रेलियात साखळीतल्या पहिल्याला प्रीमियर म्हणतात आणि त्याला एक तबक मिळतं. मग वरच्या टीमचे बाद फेरीचे सामने होतात आणि ग्रँड फायनल जिंकणारा चॅम्पियन. आयएसएलचा सांगाडाही २०२४-२५ पर्यंत असाच होता. साखळीची शील्ड २०१९-२० पासून द्यायला लागले, कप आधीपासून होता. माझं आणि दादाचं यावर कायमचं भांडण आहे. त्याच्या मते खरी ती ग्रँड फायनल. एका संध्याकाळी सगळं पणाला लावून जो टिकतो तो मोठा. माझं म्हणणं, मोठी ती शील्ड. पाच-सहा महिने, कोचीचा दमटपणा, जमशेदपूरची थंडी, दुखापती, निलंबनं, हे सगळं पचवून पहिलं येणं एका रात्रीत होत नाही. मेलबर्न सिटी २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं ओळीनं साखळीत पहिली आली, पण त्यातली एकच फायनल जिंकली. २०२३ ची तर सेंट्रल कोस्टकडून १-६ अशी हरली. त्या एका रात्रीमुळं ती टीम लहान झाली का? मुंबईनं २०२२-२३ मध्ये सलग अठरा मॅचेस न हरता ४६ गुण मिळवले, शील्ड घेतली, आणि उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून पेनल्टींवर हरली. माझ्या लेखी मुंबईची आजवरची सर्वोत्तम टीम तीच.

त्या टीमचा प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मेलबर्न सिटीतूनच आला होता. मधल्या फळीतला रॉस्टिन ग्रिफिथ्सही तिथूनच. बकिंगहॅम गेल्यावर आला पेत्र क्रात्की, तोही मेलबर्नहून. हा एकाच मालकीचा खरा फायदा: माणसं आणि पद्धत दोन्ही एका घरातून दुसऱ्या घरात जातात, नव्या प्रशिक्षकाला खेळाचं व्याकरण पहिल्यापासून शिकवावं लागत नाही. क्रात्कीच्या पहिल्याच मोसमात, ४ मे २०२४ ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर पुन्हा मुंबई विरुद्ध मोहन बागान फायनल. पुन्हा पहिला गोल ऑस्ट्रेलियनाचा: जेसन कमिंग्स, कतारच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाकडून उतरलेला. पुन्हा मुंबई मागून आली. पेरेरा डियाझ, मग पुन्हा तोच बिपिन सिंग, मग याकुब वोइटुश. ३-१. आणि २०२१ मध्ये स्वतःच्या जाळ्यात चेंडू घालणारा तिरी या वेळी मुंबईच्या विजेत्या संघात होता.

एका खेळाडूविषयी लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. राहुल भेके. मुंबईत जन्मलेला मराठी बचावपटू. १७ मार्च २०१९ ला आयएसएलची फायनल अंधेरीतच होती, बेंगळुरू विरुद्ध गोवा. जादा वेळेतल्या ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेनं डोक्यानं गोल केला. सामन्यातला तो एकमेव गोल. पुढं तो मुंबई सिटीत आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई एका गोलनं मागं होती. दिएगो मॉरिसियोनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि भेकेनं पुन्हा डोक्यानं, पुन्हा कॉर्नरवर, विजयाचा गोल केला. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबनं जिंकलेली ती पहिली मॅच. १३ जानेवारी २०२४ ला आशिया चषकात ऑस्ट्रेलियासमोर भारताच्या बचावफळीत तोच उभा होता. पहिला अर्धा तास नव्हे, पूर्ण मध्यंतरापर्यंत भारतानं त्यांना ०-० वर रोखलं. मग पन्नासाव्या मिनिटाला जॅक्सन आयर्विन आणि पुढं जॉर्डन बॉस. ०-२.

हा बॉस मेलबर्न सिटीच्या अकादमीतला, तिथून २०२३ मध्ये बेल्जियमला गेलेला. त्या क्लबचं सरावकेंद्र आता दादाच्या घराजवळ, क्रॅनबर्न ईस्टला आहे. एकाच मालकाची दोन घरं. एका घराच्या उपनगरातून आलेला पोरगा आशिया चषकात गोल करतो. दुसऱ्या घराच्या उपनगरात, अंधेरीत आणि मुलुंडमध्ये, बारा वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी मिळेल असं गवताचं मैदान कुठं आहे? टर्फ आहेत, इमारतींच्या गच्चीवरसुद्धा आहेत, पण ते तासाच्या भाड्यानं. दहा मुलांनी वर्गणी काढून तासभर खेळायचं आणि शिट्टी झाली की निघायचं. भेकेसारखे दोन-चार निघतात ते स्वतःच्या जिद्दीवर.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं मुंबईतून अंग काढून घेतलं. त्या जुलैतच आयएसएल अनिश्चित काळासाठी थांबवली गेली होती, लीग चालवण्याच्या हक्कांचा करार संपत आला होता, पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीनं आपला हिस्सा मूळ मालकांना परत दिला. सहा वर्षांत दोन शील्ड आणि दोन कप. दादाचा फोन आला तेव्हा मला बोलवत नव्हतं. तो म्हणाला, “शर्ट राहील ना आपला?” शर्ट राहील. पण कंपनी गेल्यावर क्लबच्या खाली काय उरलं, हे मी त्या दिवसापासून मोजतो आहे.

उपनगरातच दुसरा खेळ बघा. कबड्डीची प्रो लीगही २०१४ मध्येच आली, यू मुंबानं दुसऱ्याच मोसमात ती जिंकली. उद्या ती लीग बंद पडली तरी कबड्डी मरणार नाही, कारण तिच्याखाली मंडळं आहेत. भांडुपच्या, घाटकोपरच्या, बोरिवलीच्या गल्लीत व्यायामशाळा आहे, मातीचं किंवा मॅटचं मैदान आहे, मुंबई उपनगर कबड्डी असोसिएशनची स्पर्धा आहे. पोराला कोणाकडे जायचं ते माहीत असतं. कॉलिंगवूडखाली लाख सभासद आहेत तशी कबड्डीखाली मंडळं आहेत. मुंबईच्या फुटबॉलखालची ऑफिसं आपण काढून घेतली आणि तिथं अजून काहीच ठेवलेलं नाही.

वरच्यांनी ठरवायचं आणि खालच्यांना विचारायचं नाही, हे दुखणं ऑस्ट्रेलियातही होतं. २०२२ च्या डिसेंबरात ए-लीगच्या चालकांनी पुढच्या ग्रँड फायनल पैशांच्या मोबदल्यात सिडनीला देऊन टाकल्या. देशभरचे प्रेक्षक विसाव्या मिनिटाला स्टेडियममधून उठून गेले. मेलबर्नमधल्या एका मॅचमध्ये काही जण मैदानात घुसले आणि मेलबर्न सिटीच्या गोलकीपरचं डोकं फुटलं. ते लाजिरवाणं होतं आणि त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण शांतपणे उठून गेलेल्या हजारोंचं ऐकलं गेलं. वर्षाच्या आत तो निर्णय मागं घेतला गेला. आणि २०२५ मध्ये साउथ मेलबर्न, मार्कोनी अशा जुन्या क्लबांसाठी देशव्यापी स्पर्धा पुन्हा सुरू झाली. एकवीस वर्षांनी, पण झाली.

मला इथं तेच हवं आहे, चाहत्याचं ऐकणारा क्लब. मुंबई सिटीनं माझ्याकडून वर्षाची वर्गणी घ्यावी आणि मला सभासद म्हणावं. त्या पैशांतून मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या पालिका मैदानांवर आठवड्यातून चार संध्याकाळी एक प्रशिक्षक आणि वीस चेंडू पाठवावेत. ‘आमची सिटी’ ही घोषणा वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटातली पोरं ढोलाच्या ठेक्यावर नव्वद मिनिटं देतात, त्यातल्या ‘आमची’वर त्यांचा गळा बसलेला मी ऐकला आहे.

दादा जुलैत येतो आहे, चिखलाच्या दिवसांत. सोबत त्याचा नऊ वर्षांचा मुलगा, जो तिकडे लंबगोल चेंडूही मारतो आणि गोलही. त्याला आधी संभाजी मैदानावर पावसात सोडायचं ठरलं आहे. दुसऱ्या दिवशी वांद्र्याला जायचं. तिथल्या फुटबॉलच्या मैदानाला नेव्हिल डिसोझाचं नाव आहे. ऑलिंपिक पार्कशेजारी दर पंधरवड्याला बसणाऱ्या त्या दोघांना फाटकावरची ती पाटी वाचून दाखवायची आहे.